नाकारलेल्या वाट्याचा इतिहास

१/ दोन अनोळखी माणसे. पहिल्याने हाती आलेल्या रकमेतून दुसऱ्याला वाटा देऊ करायचा. त्याने तो स्वीकारला, तर दोघांनाही पैसे मिळतात. नाकारला, तर दोघेही रिकाम्या हाताने परततात. जर्मन अर्थशास्त्रज्ञ व्हर्नर ग्युथ व त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हा 'अल्टिमेटम गेम' प्रसिद्ध केला.

२/ प्रचलित सिद्धान्तानुसार दुसऱ्याने एक नाणेही स्वीकारायला हवे. परंतु अनेक देशांतील विद्यार्थी बहुधा ४० ते ५० टक्के देऊ करीत, आणि २० टक्क्यांहून कमी वाटा वारंवार धुडकावला जाई. न्यायबुद्धी हा मनुष्यस्वभावच आहे, असे वाटू लागले.

३/ १९९० च्या दशकात मानवशास्त्रज्ञ जोसेफ हेन्रिक यांनी हाच डाव पेरूच्या अरण्यातील माचिगेंगा लोकांत मांडला. तेथे सरासरी २६ टक्केच देऊ केले गेले, आणि जवळजवळ प्रत्येकाने ते स्वीकारले.

४/ पुढे १५ लहान समाजांत प्रयोग झाले. निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. इंडोनेशियातील लामालेराचे देवमासा-शिकारी सरासरी ५८ टक्के देत. एकत्र शिकार करून मांस ठरल्या रीतीने वाटणे हा त्यांचा नित्याचा व्यवहार. पापुआ न्यू गिनीतील औ व ग्नाऊ लोकांनी निम्म्याहून मोठे वाटेही नाकारले. तेथे न मागता आलेली भेट म्हणजे डोक्यावरचे ऋण.

५/ डावाला बसताना माणूस आपली उपजीविका व रीतिरिवाज सोबत आणतो. न्याय्य वाटा किती, याचे उत्तर समाजागणिक बदलले. मात्र केवळ स्वतःचा लाभ पाहणारा पाठ्यपुस्तकी माणूस या १५ पैकी एकाही समाजात पूर्णपणे आढळला नाही.