समुद्राकाठची मोकळी जागा कोणाची?

मंडळी, गोल्फ म्हटलं की आम्हा अंबरनाथकरांच्या डोळ्यांसमोर दोनच गोष्टी येतात: हिरवळ आणि तिच्याभोवतीचं उंच कुंपण. पण या खेळाचं माहेर कुंपणातलं नाही बरं का!

स्कॉटलंडमध्ये समुद्र आणि शेतं यांच्या मधल्या रेताड जमिनीला 'लिंक्स' म्हणतात. आपल्या कोकणात पुळणीच्या मागे असते तशीच. नांगराला निरुपयोगी, झाडं जवळपास नाहीतच, आणि वारा मात्र भन्नाट. चेंडू उंच मारला की वाऱ्याच्या स्वाधीन, म्हणून तो जमिनीलगत मारायचा. सेंट अँड्र्यूजच्या अशा जमिनीवर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२च्या सनदेत नोंदला आहे. आजही तिथल्या ओल्ड कोर्सवर एरवी रविवारी खेळ बंद असतो आणि गावकरी कुत्री घेऊन फिरायला येतात.

इंग्रजांबरोबर हा खेळ १८२९ मध्ये कलकत्त्याला आणि १८४२ मध्ये मुंबईला आला. तेव्हा मरीन ड्राइव्ह नव्हता. तोफांच्या माऱ्यासाठी किल्ल्यासमोर मोकळं ठेवलेलं एस्प्लनेड मैदान बॅकबेच्या समुद्रापर्यंत पसरलेलं होतं. सपाट, उघडं, वाऱ्याचं... जवळजवळ लिंक्सच! आझाद, क्रॉस, ओव्हल आणि कूपरेज हे त्याचेच तुकडे.

पण या मैदानावर हक्क कोणाचा? १८८०च्या दशकात गोऱ्यांच्या पोलोच्या घोड्यांनी जमीन उखडली, तेव्हा देशी क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्जांमागून अर्ज केले. शापूरजी सोराबजींनी १८९७ मध्ये या लढ्यावर पुस्तकच लिहिलं. पुढे समुद्राकाठी भर घातलेल्या जमिनीवर देशी जिमखान्यांना जागा मिळाल्या.

गोल्फ मात्र कुंपणाआड गेला. १९१८चा विलिंग्डन क्लब, १९२७चा चेंबूरचा क्लब. कुलाब्याच्या टोकाला अगदी समुद्रालगत गोल्फ आहे, पण तो नौदलाच्या हद्दीत.

ओव्हलवर सुट्टीच्या दिवशी जाऊन बघा. एकाचा सीमारक्षक दुसऱ्याच्या स्लिपमध्ये उभा, आणि मधल्या वाटेनं चर्चगेटची गर्दी चाललेली. सेंट अँड्र्यूजचा रविवार मला तिथे दिसतो.

आमच्या पूर्वेला इमारतींवर इमारती उठताहेत. पोरं उरल्यासुरल्या जागेत स्टंप रोवतात. तेव्हा वाटतं, मोकळी जागा आपोआप मोकळी राहत नाही. कोणीतरी अर्ज लिहिलेला असतो, पुन्हा पुन्हा. आपल्या मैदानांसाठी तो कोण लिहिणार?