कूपर

पिंपरी-चिंचवडच्या गॅरेजांत ‘कूपर’ म्हटलं की मिनी गाडीच डोळ्यांपुढे येते. इंग्रजीत मात्र कूपर म्हणजे लाकडी पिंपं बांधणारा कारागीर. मूळ लॅटिन ‘कूपा’, म्हणजे पिंप. आपला ‘कूप’, म्हणजे विहीर, त्याच कुळातला मानतात. किती लांबचं हे नातं!

रेसिंग गाड्या बांधणाऱ्या जॉन कूपर यांच्या हातून १९६१ साली चिमुकली मिनी पालटली. ८४८ सीसीऐवजी ९९७ सीसीचं इंजिन, पुढे डिस्क ब्रेक. ३४ अश्वशक्तीची ५५ झाली. आडनाव गाडीला चिकटलं. १९३७ साली मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले साताऱ्याचे उद्योजक धनजीशा यांचंही आडनाव कूपरच.

आज चाकणच्या रस्त्यावर ‘कूपर’ म्हणजे छोटी, दमदार गाडी. पिंपाला आपण पोर्तुगीज ‘पीपा’वरून आलेला शब्दच वापरतो.