दंतकामातील सांधा : सोनाराच्या डाखापासून लेसरपर्यंत

कृत्रिम दातांचा इतिहास सहसा हस्तिदंत, चिनी माती, रबर अशा पदार्थांच्या क्रमाने सांगितला जातो. पण धातूचे दंतकाम मोडते ते पुष्कळदा सांध्यावर, आणि म्हणून या विद्येचा खरा कस सांध्याच्या इतिहासातच पाहावा लागतो. इटलीतील एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत, विशेषतः तार्क्विनियाच्या परिसरात, इसवी सनापूर्वी सातव्या शतकापासूनच्या सोन्याच्या दंतपट्ट्या सापडल्या आहेत. शुद्ध सोन्याच्या पातळ पट्टीची कडी करून ती शाबूत दातांभोवती बसवायची आणि मधल्या कडीत बदली दात खिळ्याने अडकवायचा, अशी त्यांची रचना होती. रोमच्या ‘बारा कोष्टके’ या प्राचीन कायद्याने प्रेताबरोबर सोने ठेवण्यास मनाई केली, तरी सोन्याने जोडलेल्या दातांना मात्र सूट दिली. दंतकामाची ओळख कायद्यानेही ‘जोडणे’ या क्रियेनेच करून द्यावी, हे लक्षणीय आहे.

ही कला मुळात सोनाराची होती आणि तिची सामग्रीही सोनाराचीच राहिली : ज्योत, फुंकनळी, डाख आणि टाकणखार. डाख म्हणजे जोडायच्या धातूपेक्षा कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू. टाकणखार तापलेल्या पृष्ठभागावरील ऑक्साइडचा थर विरघळवून डाखाला वाट मोकळी करतो. हा खार तिबेटातील सरोवरांच्या काठांवरून आणि लडाखच्या पुगा खोऱ्यातून शतकानुशतके व्यापारात येत असे, आणि युरोपात त्याला मिळालेले ‘टिंकल’ हे नाव संस्कृत ‘टंकण’ या शब्दापर्यंत जाऊन पोचते.

१८०८ मध्ये पॅरिसमध्ये काम करणाऱ्या जुझेप्पांजेलो फोन्झी या इटालियन दंतवैद्याने चिनी मातीचे सुटे दात पुढे आणले आणि प्रत्येक दाताच्या पाठीत प्लॅटिनमची आकडी बसवली. प्लॅटिनम सुमारे १७६८ अंश सेल्सिअसला वितळत असल्याने भट्टीत दात भाजताना आकडी टिकून राही, आणि नंतर तीच सोन्याच्या किंवा चांदीच्या पत्र्याला झाळता येई. चिनी मातीची धातूशी गाठ घालून देणारी ही युक्ती तिच्या साधेपणामुळे अधिकच थोर वाटते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कडक रबराच्या स्वस्त कवळ्यांनी पत्र्याचे काम मागे सारले, तरी सोन्याच्या टोप्या आणि सेतू यांच्यासाठी झाळकाम चालूच राहिले.

१९०७ मध्ये विल्यम टॅगर्ट यांनी मेणाचा नमुना साच्यात वितळवून त्या पोकळीत सोने ओतण्याची पद्धत न्यूयॉर्कमध्ये मांडली, तेव्हा सांध्याची गरज संपेल असे वाटणे स्वाभाविक होते. प्रत्यक्षात सोन्याचे मिश्रधातू थिजताना सुमारे दीड टक्का आकसतात. साच्याच्या प्रसरणाने ही तूट बरीचशी भरून निघत असली, तरी चार-पाच दातांच्या लांब सेतूत थोडी चूकही बसण्याच्या आड येते. त्यामुळे सेतू तुकड्यांत ओतायचा, किंवा अखंड ओतलेला कापायचा, आणि मग तोंडातल्या मापाबरहुकूम पुन्हा जोडायचा, हाच मार्ग उरला.

या जोडणीत कारागिराची परीक्षा होते. तुकडे चिकट मेणाने जागच्या जागी धरून उष्णतारोधक मिश्रणात रोवले जातात, मेण उकळत्या पाण्याने धुऊन काढले जाते, आणि दोन कडांमध्ये मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास फट ठेवली जाते. फट फार अरुंद असेल तर डाख आत शिरत नाही, रुंद असेल तर सांधा कमजोर होतो आणि तुकडे सरकतात. ज्योतीचा ऑक्सिजन हरणारा भागच धातूवर धरावा लागतो, कारण बाहेरच्या भागाने पृष्ठभाग काळवंडतो. डाख नेहमी अधिक तापलेल्या बाजूकडे धावतो, आणि जिथे तो जाऊ द्यायचा नाही तिथे साध्या शिसपेन्सिलीची रेघ ओढली तरी तो तिथेच थांबतो. जुन्या पेढ्यांच्या भाषेत ‘१८ कॅरटचा डाख’ म्हणजे १८ कॅरट सोन्याला जोडण्यासाठीचा डाख. त्याच्या अंगचे सोने त्याहून कमीच असे.

१९७१ नंतर सोन्याचा भाव बांधलेला राहिला नाही आणि निकेल-क्रोमियमसारखे हलक्या किमतीचे मिश्रधातू प्रयोगशाळांत पसरले. त्यांच्यावरचा चिवट ऑक्साइड झाळकामाला अधिकच अडवू लागला. डाख सहज वाहावा म्हणून मिसळले जाणारे कॅडमियम त्याच्या विषारी धुरामुळे सोडावे लागले. याच सुमारास आलेल्या लेसरने डाखाविनाच मूळ धातूच्या कडा वितळवून एकजीव करता येऊ लागल्या. उष्णता एका ठिपक्यापुरती राहत असल्याने चिनी मातीच्या अगदी जवळही सांधा देता येतो, आणि टाकणखाराचे काम आर्गॉन वायू करतो.

ज्योत मात्र विझलेली नाही : लहान मुलाची दुधाची दाढ वेळेआधी पडली, तर मागून येणाऱ्या दातासाठी जागा राखायला शेजारच्या दाढेवर पोलादी कडे बसवतात आणि त्या कड्याला तारेचा फासा आजही चांदीच्या डाखाने झाळतात.