रायपुरातील मराठी चूल

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त रायपुरातील मराठी समाजाचा इतिहास लिहावा, अशी सूचना झाली, तेव्हा सनावळी मांडली की काम भागेल, असे आम्हांस वाटले. सनावळी सर्वांच्या परिचयाची आहे. १७४१ साली भास्करपंतांच्या नेतृत्वाखाली नागपूरकर भोसल्यांची फौज छत्तीसगडात उतरली. १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसले यांनी रतनपुरास राहून कारभार केला. १८१८ साली इंग्रज अधीक्षकाच्या अमलात मुख्य ठाणे रायपुरास आले. १९०० साली माधवराव सप्रे यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले, त्या कामी रायपूरचे वामनराव लाखे त्यांच्या पाठीशी होते. १९५६ पर्यंत नागपूर ही आमच्या प्रांताची राजधानी होती. त्या वर्षी नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले, आणि कचेरीतून मराठीची पावले मागे फिरली.

परंतु हा इतिहास ठाण्यांचा व कचेऱ्यांचा झाला. घरातील मराठी कोठे टिकली, हे आम्हांस एका पोळ्याच्या दिवशी उमगले.

पोळा हा आपला व छत्तीसगडचा सामाईक सण. आपण ज्या तिथीला श्रावणी अमावास्या म्हणतो, तीच येथे भादोंची अमावास्या. येथे मुलगे मातीचे बैल ओढतात, मुली मातीची चूल व जाते मांडून खेळतात. आपल्या भातुकलीचीच ही बहीण. घरोघरी ठेठरी-खुरमी होते.

पंधराएक वर्षांपूर्वी त्या दिवशी आम्ही शेजारच्या दोन कुटुंबांस, एका छत्तीसगडी व एका बंगाली, जेवावयास बोलाविले होते. ऐन वेळी सौभाग्यवती तापाने अंथरुणास खिळल्या. बाहेरून काही मागवावे, असे आम्ही म्हणालो. मुलांनी ते मानले नाही. कन्या बारा वर्षांची, चिरंजीव दहांचे. आमच्या मातोश्रींची पाककृतींची वही काढून दोघे स्वयंपाकघरात शिरली.

थोड्याच वेळात चिरंजीव वही घेऊन आले व विचारते झाले, “बाबा, कट बाजूला ठेवावा असे आजीने लिहिले आहे. काय कापायचे?” शिजलेल्या डाळीवरचे पाणी म्हणजे कट, त्याची आमटी होते, हे त्यास ठाऊक नव्हते. लिपी तीच असल्याने अक्षरे वाचता येत होती, शब्द मात्र परके झाले होते. आम्हांस हसू आले, आणि पाठोपाठ लाज वाटली. अभ्यास बुडेल म्हणून मुलांस चुलीपाशी फिरकू न देणारे आम्हीच होतो.

मग आईने खोलीतून सांगावे आणि मुलांनी करावे, असे सुरू झाले. पुरण किती आटवावे, कणीक किती सैल तिंबावी, उंडा कसा भरावा! पहिल्या तीन पोळ्या फुटल्या, चौथी साधली. पाने वाढली, तेव्हा शेजारच्या वृद्ध काकींनी कृती विचारली. कन्येने ती हिंदीत सांगितली. परंतु पुरण, कट, उंडा या शब्दांपाशी अडून तिने ते मराठीतच ठेवले व अर्थ समजावून दिला. काकी म्हणाल्या, त्यांच्याकडे तांदळाचे पीठ व गूळ यांचा अइरसा होतो. कन्या उद्गारली, “म्हणजे आमचा अनारसा!” कोणी कोणाकडून घेतला, याचा निवाडा करण्याची त्या ओसरीवर कोणास गरज भासली नाही.

त्या दिवशी आम्हांस कळले ते असे. आपापल्या घरी जेवताना पदार्थाचे नाव न घेताही जेवण होते. पाहुण्यास वाढताना मात्र ते सांगावे लागते. परमुलखातील मुलास स्वभाषेचा शब्द असा दुसऱ्याच्या पानाशी नव्याने सापडतो. आज आमची कन्या दूरदेशी असते. पोळ्याला तिच्याकडे पाहुणे येतात, आणि मातोश्रींची वही आता तिच्यापाशी आहे. तिची मुलगी सहा वर्षांची आहे. गेल्या पोळ्याला पाट-लाटणे तिनेच मांडले, असे कन्येने कळविले.

वाचकांस आमची एवढीच विनंती की, पुढच्या सणाला पाहुणे बोलवावेत, आणि चुलीपाशी मुलांस उभे करावे. तीन पोळ्या फुटतील. फुटू द्याव्यात.