पितळेवरची माणसे, कागदावरचे ठसे

नाण्यावर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल घासली, की नाण्यावरचे चित्र कागदावर उमटते. शाळेतल्या पोरांचा हा आवडता खेळ. याच साध्या युक्तीने इंग्लंडात जुन्या इतिहासाचा एक ठेवा जपला गेला आहे, तो कसा ते पाहू.

तेराव्या शतकापासून तिकडे मृताची आकृती पितळी पत्र्यावर कोरून तो पत्रा चर्चच्या फरशीत बसवण्याची चाल पडली. यात सरदार आणि धर्मगुरू होतेच. पण पुढे व्यापारीही त्यांच्या पंगतीला येऊन बसले. ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या नॉर्थलीच गावी जॉन फोर्टी या लोकरीच्या व्यापाऱ्याचा पत्रा आहे. हा १४५८ साली वारला. चित्रात त्याचा एक पाय मेंढीवर आहे, तर दुसरा लोकरीच्या गाठोड्यावर! ज्या धंद्याने घर भरले, तो त्याने मरणानंतरही मिरवला.

पुढे आठव्या हेन्री राजाने १५३६ ते १५४० या काळात मठ बंद केले. तिथले पुष्कळ पत्रे उखडून विकले गेले. काही तर उलटे करून, पाठीवर दुसऱ्याच मृताचे चित्र कोरून पुन्हा बसवले. कित्येक ठिकाणी दगडात आकृतीचा रिकामा खळगाच काय तो राहिला.

म्हणून ठशाचे मोल मोठे. पत्र्यावर कागद पसरायचा आणि मेण-काजळीचा काळा गोळा घासायचा. हा गोळा मूळचा चांभाराच्या कामाचा. पितळ काळे उमटते, कोरलेली रेघ पांढरी राहते. मग गावोगावचे ठसे एका मेजावर मांडून ताडून पाहता येतात. सरे परगण्यात स्टोक डॅबर्नन इथे सर जॉन डॅबर्ननचा पत्रा आहे. तो १२७७ चा आणि देशातला सर्वांत जुना, असे पुस्तकांतून छापले जाई. चिलखताची घडण आणि अक्षरांची वळणे इतर पत्र्यांशी जुळवून पाहता अभ्यासकांनी तो सुमारे ५० वर्षे अलीकडचा, म्हणजे त्याच नावाच्या मुलाचा, ठरवला.

मात्र एक ध्यानात ठेवा. फार हात लागले की पितळही झिजते. म्हणून आता चर्चच्या परवानगीवाचून ठसा घेता येत नाही; हौशी लोकांसाठी नकली पत्रे ठेवलेले असतात. गुरुजी, मुलांकडून नाण्याचा ठसा जरूर काढवून घ्या. पण जुन्या वस्तूला हात लावण्याआधी विचारायचे असते, हेही त्याच तासाला शिकवा.