हाली, फसली आणि आजीची पुतळी

इतिहास म्हटला की लढाया आणि सनावळ्या डोळ्यांपुढे येतात. मी सातवीपर्यंत शिकले. त्यांतले पानिपत तेवढे आठवते. परंतु आमच्या घरातील एका पत्र्याच्या पेटीने मला जे शिकविले ते कोणत्याही धड्यात नव्हते. आपल्यापैकी पुष्कळ जणींच्या माळ्यावर अशी पेटी असेल, म्हणून चार ओळी लिहिते.

ही पेटी माझ्या सासूबाईंच्या माहेरची. त्यांना आम्ही सगळे आत्या म्हणतो. माहेर उदगीर तालुक्यातले. आत्या आईवडिलांना एकट्याच, त्यामुळे आईने जाताना पेटी त्यांच्या हवाली केली, आणि ती नांदेडला आमच्या घरी आली. २०२३ साली निजामकाळच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तेव्हा मराठवाड्यात घरोघर जुनी दप्तरे बाहेर निघाली, तशी आमचीही पेटी निघाली. ज्यासाठी उघडली ते काही तिच्यात नव्हते. होते ते एवढेच : एक उर्दू कागद, चांदीचा एक रुपया, आणि लाल चिंधीत गुंडाळलेले सोन्याचे एक पातळ नाणे.

कागद घरात कोणालाच वाचता येईना. त्यात नवल नाही. निजामाच्या राज्यात १८८४ पर्यंत दरबारी कामकाज फारसीत चाले, पुढे ते उर्दूत चालू लागले. शेत नांगरणारा मराठी बोलणारा आणि त्याच्या शेताचा कागद उर्दूत! अंगठा कशावर उमटवतो आहोत हे त्याला दुसऱ्याने सांगावे लागे. आमच्या गल्लीत उर्दू शाळेतून निवृत्त झालेले मास्तरसाहेब राहतात. त्यांच्या घरच्या बाई आपल्या मंडळात शिवणाच्या वर्गाला येतात. मी कागद घेऊन त्यांच्याकडे गेले.

त्यांनी आधी रुपया हातात घेतला. एका बाजूला चारमिनार आहे. त्याच्या कमानीत एक बारीक अक्षर आहे. ते ‘ऐन’, म्हणजे शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावाचे पहिले अक्षर. नाण्यावर ९२ हा आकडाही आहे. मला वाटले सालच असेल! पण अरबी अक्षरांना आकड्यांचे मोल देण्याची जुनी रीत आहे. त्या रीतीने ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज ब्याण्णव होते. साल निराळे लिहिले आहे, १३६२.

ह्या नाण्याला म्हणत हाली सिक्का. ‘हाली’ म्हणजे चालू, सध्याचा. आपण दिवसातून दहा वेळा ‘हल्ली’ म्हणतो ना, तो शब्द आणि हा एकाच घरचा. इंग्रज सरकारच्या रुपयाला आपल्याकडे कलदार म्हणत. कल म्हणजे यंत्र, यंत्रावर पाडलेला तो कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार असा भाव होता. म्हणून व्यवहाराच्या कागदात नुसते ‘रुपये’ लिहून भागत नसे, हाली की कलदार हे सांगावे लागे. निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये गेले, तरी हाली पैसा लगेच गेला नाही. १९५० पासून भारताचा रुपया बरोबरीने आला आणि १९५९ साली हाली कायमचा बंद झाला. म्हणजे अकरा वर्षे राजा नव्हता, पण बाजारात त्याचे नाणे चालत होते. सातासहाचा तो हिशेब आपल्या आज्या बोटांवर करीत असत, शाळेचे तोंड न पाहता.

मग मास्तरसाहेबांनी कागद उलगडला. तारीख होती ७ तीर १३५३ फसली. मी मनात म्हटले, नाणे १३६२ चे आणि कागद १३५३ चा, तर कागद नऊ वर्षांनी जुना. ते हसले. दोन्ही एकाच वेळचे, असे ते म्हणाले.

ते कसे, तर नाण्यावरचे साल हिजरी. हिजरी वर्ष चंद्राचे, ३५४ दिवसांचे. दर वर्षी अकरा दिवस मागे सरकते, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत. आपल्या पंचांगात ही तूट अधिक महिन्याने भरून निघते. नाहीतर आपली दिवाळीही भर पावसात आली असती. पण सारा वसूल करायचा तो पीक निघाल्यावरच. त्यासाठी अकबराच्या काळात पिकाचे वेगळे वर्ष धरले, ते फसली. फसल म्हणजे पीक. पुढे ते दक्षिणेतही आले. हैद्राबाद राज्यात फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात लागे. महिन्यांची नावे मात्र इराणची : आजूर, दै, बहमन, इस्फंदार आणि पुढे अशीच. मुंबईच्या पारशी लोकांच्या महिन्यांचीही हीच नावे आहेत हे ऐकून मला फारच गंमत वाटली. कुठे पारशी अग्यारी आणि कुठे उदगीरचा पटवारी!

हिशेब सोपा आहे, लिहून ठेवा. फसली सालात ५९० मिळवावे. तारीख जानेवारीपासून पुढची असेल तर ५९१. तीर हा आठवा महिना, म्हणजे साधारण मे. तेव्हा आमचा कागद मे १९४४ चा. नाण्यावरचे १३६२ हिजरी म्हणजे १९४३. दोन्ही खरोखरच एका वेळची निघाली.

हे ऐकून घरी आत्यांनी जे सांगितले त्याने मी चकितच झाले. “मळा सुटला तवा मी पोटात होते, अन् मिरगात झाले, असं आई म्हणायची.” कागद मळा सुटल्याचाच होता! म्हणजे आत्यांचा जन्म जून १९४४ चा. आधार कार्डावर आहे १ जानेवारी १९५५. कोणीतरी चेहरा पाहून घातलेली तारीख. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी. फुकट झाली आहे, पण आत्यांना कंडक्टर बायकांचे अर्धे तिकीटच फाडतो. ऐंशी उलटलेल्या बाईला कार्ड म्हणते, अजून थांबा. पेटीतला कागद त्याला दाखवून काय उपयोग!

जन्मगावाचाही असाच घोटाळा. आत्या जन्मल्या तेव्हा त्यांचे गाव बीदर जिल्ह्यात, हैद्राबाद राज्यात. १९५६ साली उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके उस्मानाबादला जोडले आणि राज्य झाले मुंबई. १९६० ला महाराष्ट्र. १९८२ ला लातूर जिल्हा निराळा झाला. घर तेच, अंगणातले लिंबाचे झाड तेच, जिल्हे मात्र तीन आणि राज्ये तीन. आमच्या नांदेडचे उलटे झाले; मुधोळ आणि भैंसा हा आपला भाग १९५६ ला पलीकडे गेला, आणि तिकडे दिलेल्या लेकी बसल्या जागी परराज्यात गेल्या.

आता मुख्य गोष्ट. कागद म्हणजे गहाणाचे पैसे पोचल्याची पावती. तीनशे पन्नास रुपये हाली, म्हणजे तीनशे कलदार. देणाराचे नाव मास्तरसाहेबांनी दोनदा वाचले. ते आत्यांच्या वडिलांचे नव्हते, आईचे होते, आणि नावापुढे ‘जौजे’. हा शब्द मी जुन्या उताऱ्यांत पाहिला होता, पण बहुतेक जणींना ते आडनावच वाटते. त्याचा अर्थ ‘ची बायको’. अमकीबाई, अमक्याची बायको, हिने पैसे भरले.

आणि आजवर आम्ही ऐकत आलो ते असे, की आजोबांनी सावकाराच्या दाढेतून मळा सोडविला. माहेरच्या प्रत्येक कार्यात ही कथा निघते. आजोबा त्या वर्षी अंथरुणावर होते हेही सगळे सांगतात, पण मग पैसे आले कोठून असे कोणी कधी विचारले नाही.

आत्यांना आठवते ते आईचे मोकळे गळे. “पुतळ्याची माळ होती म्हणं, मी काय बघितली नाही.” त्या माळेतील एक पुतळी तेवढी मागे राहिली, दिवाळीच्या लक्ष्मीपूजनाला. तीच ती लाल चिंधीतली. सराफ्यातल्या एका म्हाताऱ्या सराफाने भिंगाखाली धरून ती मला दाखविली. एकीकडे एक उभा पुरुष गुडघे टेकलेल्या दुसऱ्याच्या हाती झेंडा देतो आहे. दुसरीकडे चांदण्यांच्या लांबट गोलात एक उभी आकृती. मी म्हटले, हे राम-लक्ष्मण का? तर नाही. मूळची ही नाणी इटलीतील व्हेनिस नगरची. उभा आहे तो त्यांचा संत मार्क, गुडघे टेकलेला त्यांचा प्रमुख, आणि चांदण्यांत येशू. तेथे १२८४ पासून १७९७ पर्यंत, पाचशे वर्षांहून अधिक काळ ही जवळजवळ निर्भेळ सोन्याची नाणी पडली. मिरी-मसाल्याच्या व्यापारात ती आपल्याकडे आली आणि बायकांच्या गळ्यात गेली. चित्र आहे म्हणून पुतळी! पुढे आपले सोनारही तशी नाणी पाडू लागले आणि त्यांवर आपले देव आले.

गेल्या पोळ्याला आत्या माहेरी गेल्या, मी बरोबर होते. मळा आता चुलत भावांकडे आहे. आत्यांना त्यातले काही नको. जेवणे झाल्यावर त्यांनी कागद थोरल्या भावापुढे ठेवला आणि मी वाचून दाखविलेले सांगितले. भाऊ म्हणाले, “कागदाचं काय, आक्का, कागद कुणाच्या बी नावानं होतो.”

आत्या म्हणाल्या, “मग माळ कुणाच्या गळ्यातली गेली?”

ते काही बोलले नाहीत. चहा झाला. निघताना त्यांच्या सुनेने मला बाजूला घेऊन आजीचे पूर्ण नाव विचारले आणि मुलाच्या वहीच्या पाठीमागे लिहून घेतले. तिला ते ठाऊक नव्हते. त्या घरात सगळे ‘मोठी काकी’ एवढेच म्हणत.

मास्तरसाहेबांनी सांगितले आहे की कोणाकडे असे उर्दू कागद असतील तर खुशाल आणावेत, ते वाचून देतील. दुपारी चारनंतर असतात. कागद घडी करून आणू नये, वहीत सपाट ठेवून आणावा. घडीवरची अक्षरे आधी जातात.