कर्ज फेडणारा टोमॅटो

भाजीवाल्याच्या पाटीवर 'गावरान' दिसलं की आपण शहरातली मंडळी किलोमागे दहा-वीस रुपये जास्त द्यायला एका पायावर तयार! गावरान म्हणजे जुनं, शुद्ध, कुणी हात न लावलेलं, असं डोक्यात पक्कं बसलंय. टोमॅटो मुळात दक्षिण अमेरिकेतला, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. असो. पिढीजात वाणांचा इतिहास वाचायला लागलो आणि माझा हा समज पार उलटा झाला.

'मॉर्गेज लिफ्टर' नावाचा एक टोमॅटो आहे. म्हणजे चक्क कर्ज फेडणारा! अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या लोगन गावी एम. सी. बाइल्स नावाचा मेकॅनिक होता. रेडिएटर दुरुस्त करायचा, म्हणून टोपणनाव 'रेडिएटर चार्ली'. शेतकीचं शिक्षण शून्य. १९३० च्या दशकातली मंदी, डोक्यावर घराचं कर्ज. पठ्ठ्यानं परसात मधोमध 'जर्मन जॉन्सन' जातीचं एक रोप लावलं आणि भोवती मोठ्या फळांच्या इतर जातींची दहा रोपं. लहान बाळासाठीच्या पिचकारीनं बाहेरच्या फुलांतला पराग मधल्या फुलांवर टाकला. त्याचं बी धरलं, त्यातल्या उत्तम फळांचं बी पुन्हा पेरलं... असं वर्षानुवर्षं. मग एकेक रोप एक डॉलरला विकून सहा वर्षांत सहा हजार डॉलरचं कर्ज फेडलं. १९८५ च्या एका मुलाखतीत त्यानं स्वतःच ही हकिकत सांगितली.

म्हणजे बघा, हा 'पिढीजात' टोमॅटो सुरुवातीला संकरितच होता! मग दुकानातल्या संकरित पाकिटात आणि त्यात फरक काय? पाकिटातल्या बियांची रोपं एकसारखी येतात, पण त्यांचं बी धरून पेरलं तर पुढच्या पिढीत गुण विखुरतात. म्हणून दरवर्षी नवं पाकीट. चार्लीनं निवड करून करून वाण स्थिर केला, त्यामुळे त्याच्या बीपासून तोच टोमॅटो येतो. आपल्या भाषेत, पाकीट म्हणजे नुसती एक्झिक्युटेबल फाइल, चार्लीनं दिला तो सोर्स कोड.

टोमॅटोचं फूल बहुधा स्वतःच्याच परागानं फळतं, त्यामुळे गॅलरीतल्या कुंडीतही वाण टिकतो. (भोपळ्याचं तसं नाही, मधमाश्या शेजारचा पराग आणून घोळ घालतात.) मी सगळ्यात चांगल्या रोपावरचं एक फळ पूर्ण पिकू देतो, गर दोन-तीन दिवस आंबवतो आणि बी धुऊन सावलीत वाळवतो. बास, एवढंच!

पण बी धरणारा माणूस गेला की वाणही जातो. डायन ऑट व्हीली हिला आजोबांनी 'जर्मन पिंक' टोमॅटोचं बी दिलं. घराण्यानं ते बव्हेरियातून अमेरिकेत आणलेलं. त्यांच्या पश्चात ते सांभाळणारं कोण? या विचारातून १९७५ मध्ये तिनं आणि नवरा केंट यानं घरगुती बागवाल्यांची बियाण्यांची देवघेव सुरू केली. तीच आजची 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज', संग्रहात वीस हजारांहून जास्त वाण! आपल्याकडे अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी हेच केलं. २०२० च्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव होतं.

तेव्हा यापुढे 'गावरान'ची पाटी दिसली की भाजीवाल्याला एकच विचारा : "दादा, याचं बी कुणी धरलंय?" उत्तर मिळालं, तर ते दहा-वीस रुपये खुशाल द्या.